तीन तासांच्या शाळेचे उरलेले तास

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

“तुमचं बरंय, तीन तासांचीच शाळा!” हे वाक्य मी गेली चौदा वर्षं ऐकते आहे. बोलणाऱ्याच्या मनात वाकडं काही नसतं हेही मला ठाऊक आहे. मुलं ९ वाजता येतात, १२ ला घरी जातात, एवढंच बाहेरून दिसतं. पण आमची बालवाडी स्वतःच्या वास्तूत भरत नाही, एका सभागृहात भरते. तिथे संध्याकाळी व्यायामाचा वर्ग असतो, कधी बैठका असतात, सुट्टीच्या दिवशी समारंभ. त्यामुळे रोज सकाळी रिकाम्या हॉलची शाळा करायची आणि दुपारी शाळेचा पुन्हा रिकामा हॉल करायचा, हे आमचं ठरलेलं काम आहे. त्याबद्दल कुणी बोलत नाही आणि ते कुणी मोजतही नाही. म्हणून हे पत्र.

मी आणि आमच्या मदतनीस मावशी सव्वाआठला हॉल उघडतो. पहिलं काम जमीन बघण्याचं. झाडण्याच्याही आधी, वाकून, खिडकीकडे तोंड करून बघायचं, म्हणजे उजेडात चमकणारी वस्तू लगेच दिसते. टाचण्या, स्टेपलरच्या पिना, काचेचा कण, समारंभातल्या फुटक्या फुग्यांचे तुकडे. तीन वर्षांच्या मुलाच्या हाताला जे लागतं ते तोंडात जातं. फुग्याचा तुकडा तर फार वाईट, घशाला असा चिकटून बसतो की श्वासच बंद होतो. एकदा मावशींना नाण्याएवढी चपटी बॅटरी सापडली होती, कुणाच्या तरी रिमोटमधून पडलेली. अशी बॅटरी मुलाने गिळली तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. त्या दिवसापासून आम्ही दोघी वेगवेगळ्या टोकांनी सुरुवात करून दोनदा जमीन बघतो. हे काम घाईत करता येत नाही आणि मुलं आत आल्यावर तर नाहीच नाही.

मग केर, मग पुसणं, आणि जमीन पूर्ण वाळल्यावर चटया. ओल्या जमिनीवर चटई टाकली की दोन दिवसांत तिला कुबट वास येतो आणि मुलं तिच्यावर बसायला कुरकुरतात. त्यानंतर चाकांची दोन कपाटं बाहेर काढून जागेवर न्यायची आणि चाकांचे खटके पायाने दाबायचे. हा खटका विसरला तर कपाटाला धरून उभं राहणारं मूल कपाटासकट सरकतं. जड डबे खालच्या फळीवर, हलके वर. खिडकीपाशी वाचनकोपरा, दारापासून लांब ठोकळे, नळाजवळ पाणी आणि रंग. मातीचा गोळा ओल्या फडक्यात आहे ना ते बघायचं, ब्रश मोजायचे, पुस्तकं तोंड पुढे करून उभी लावायची, कारण वाचता न येणारं मूल पुस्तक मुखपृष्ठावरून निवडतं. या सगळ्याला पाऊण तास लागतो, तोही दोघी असताना.

कुठली वस्तू कुठे, हे आम्ही रोज नव्याने ठरवत नाही. जमिनीवर रंगीत चिकटपट्टीच्या खुणा केल्या आहेत, कपाटाच्या चारही कोपऱ्यांच्या. शिवाय पूर्ण मांडलेल्या खोलीचा फोटो कपाटाच्या दाराला आतून लावला आहे. मी रजेवर असले तरी मावशी आणि बदली ताई तोच फोटो बघून तीच खोली उभी करतात. “वीतभर इकडेतिकडे झालं तर काय बिघडतं?” असं एका पालकांनी मला विचारलं होतं. त्यांना मी जे सांगितलं तेच इथे लिहिते.

एका सोमवारी आम्ही आलो तर आदल्या दिवशीचा कार्यक्रम आवरलेलाच नव्हता. खुर्च्यांच्या उंच थप्प्या खिडकीपाशी, आमच्या चटया कुणीतरी वापरून ओल्याच गुंडाळून ठेवलेल्या, कपाटं भिंतीकडे तोंड करून उभी आणि जमिनीवरच्या खुणा खरवडून काढलेल्या. आम्ही दोघी जीव तोडून आवरत होतो, पण नऊ वाजले आणि मुलं आली. आमच्याकडे तेव्हा चार वर्षांचा एक मुलगा होता. त्या वर्षी त्याच्या घरच्यांनी तीनदा घर बदललं होतं. तो रोज सगळ्यांत आधी यायचा, थेट खिडकीपाशी वाचनकोपऱ्यात जायचा, चटईवर बसायचा आणि बसल्यावरच पाठीवरचं दप्तर काढायचा. त्या दिवशी तो तिथे गेला आणि खुर्च्यांच्या थप्पीसमोर उभा राहिला. रडला नाही, काही विचारलं नाही. एक हात खुर्चीच्या पायावर ठेवून, दप्तर पाठीवर तसंच ठेवून, उभाच. आम्ही बाकीचं सोडून आधी त्या खुर्च्या हलवल्या, कोरडी चटई शोधून टाकली आणि पुस्तकांची मांडणी समोर ठेवली. तो बसला. मग त्याने दप्तर काढलं.

ज्या मुलाच्या आयुष्यात बाकी सगळं हलतं आहे, त्याला एक तरी चटई रोज तिथेच सापडावी. आमच्या त्या पाऊण तासाचं मोल मी यातच मोजते.

बालशिक्षणाच्या इतिहासातही कपाटाची एक गोष्ट आहे, ती मला फार जवळची वाटते. मारिया माँटेसरींनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत आपलं पहिलं ‘बालकांचं घर’ उघडलं. तेही खास शाळेसाठी बांधलेल्या इमारतीत नव्हतं, भाडेकरूंच्या चाळवजा इमारतीतल्या एका खोलीत होतं. सुरुवातीला सगळं साहित्य कुलपात असे. बाई काढून देत आणि बाईच परत ठेवत. एकदा कुलूप लावायचं राहून गेलं आणि दुसऱ्या दिवशी बाईंना यायला उशीर झाला. येऊन बघतात तर मुलांनी आपल्याला हवं ते काढून घेतलेलं आणि ती कामात गढून गेलेली. माँटेसरींनी त्यातून धडा घेतला आणि मुलांच्या हाताला लागतील अशी ठेंगणी उघडी कपाटं केली. खुर्च्या-टेबलंही मुलांना स्वतः उचलता येतील इतकी हलकी.

आम्हाला मात्र रोज दुपारी कुलूप लावावंच लागतं, जागा आमची एकट्यांची नाही म्हणून. पण मधले तीन तास ते कपाट मुलांचं असतं. आणि आवरायची वेळ झाली की आवरणंही मुलांचंच असतं.

हे ऐकून काही पालक नाराज होतात. “आम्ही मुलांना शिकायला पाठवतो, कामाला नाही,” असं मला तोंडावर सांगितलं गेलं आहे. त्यांना मी म्हणते, एकदा साडेअकराला येऊन ठोकळ्यांच्या कोपऱ्यात पाच मिनिटं बसा. आमचे लाकडी ठोकळे एका मापात आहेत: जाडीच्या दुप्पट रुंदी, रुंदीच्या दुप्पट लांबी. फळीवर प्रत्येक आकाराची सावली कागदात कापून चिकटवली आहे. मूल ठोकळा आणतं, सावलीवर ठेवतं, तो मोठा पडतो, फिरवून बघतं, मग दुसऱ्या सावलीवर नेतं. लांब ठोकळ्याची जागा रिकामी आहे आणि हातात लहानच दोन आहेत, म्हणून ते दोन जोडून बसवणारी साडेतीन वर्षांची मुलगी मी पाहिली आहे. बसल्यावर तिने दोन्ही ठोकळ्यांवरून सलग हात फिरवला, मधली फट बोटाने चाचपली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “हे दोघं मिळून तो एक.” यापेक्षा चांगला गणिताचा तास मला घेता आला नसता.

अर्थात यासाठी वेळ लागतो. “चला, भराभर” म्हणत बाईंनीच सगळं खोक्यात कोंबलं तर पाच मिनिटांत आटपतं. मुलांसोबत वीस मिनिटं लागतात. आधी सूचना द्यावी लागते की आता थोडाच वेळ उरला आहे. खेळात बुडालेल्या मुलाच्या हातातून वस्तू एकदम काढून घेणं हा त्याचा अपमान आहे, असं मी मानते. मग आमचं आवरायचं गुणगुणणं सुरू होतं, शब्द नसलेली एक चाल. ती ऐकली की अगदी नवं मूलही दोन-तीन आठवड्यांत न सांगता टोपली ओढायला लागतं. प्रत्येकाला एकच काम: कुणी ब्रश धुणार, कुणी बाहुल्यांची पांघरुणं घडी करणार. घडी वाकडी झाली तरी आम्ही ती मुलासमोर उलगडून पुन्हा घालत नाही.

एक गोष्ट मात्र मला अजून सलते, ती म्हणजे अर्धवट राहिलेला खेळ. आपली जागा असती तर मुलाचा पूल रात्रभर तसाच राहिला असता आणि सकाळी पुढे वाढला असता. आमच्याकडे दुपारी तो मोडावा लागतो. एका मुलीने सलग दोन दिवस बोगदा बांधला, दोन्ही दिवस मोडला आणि तिसऱ्या दिवशी ती ठोकळ्यांकडे फिरकलीच नाही. मला त्या रात्री झोप लागली नाही. मग आम्ही कपाटाच्या खालच्या कप्प्यात मावेल अशी एक रुंद फळी करून घेतली. ज्याचं काम बाकी आहे त्याने ते फळीवर बांधायचं, आणि आवरताना फळी अलगद आत सरकवायची. फळीवर न मावणाऱ्याचा आम्ही फोटो काढतो, सकाळी तो त्याच जागी ठेवतो. फोटोने पुरतं समाधान होत नाही, हे मुलांच्या चेहऱ्यावर दिसतं. पण कालचं काम बाईंनी लक्षात ठेवलं, एवढं तरी त्यांना कळतं.

मुलं गेल्यावर आम्ही दोघी उरलेलं आवरतो. दोरीवरून काढलेली ओली चित्रं टांगायला दुसरी जागा नसते, म्हणून ती आडव्या खोक्यात थराथराने. पाणी फेकायचं, टेबलं मिटायची, कपाटं ढकलत भिंतीला, कुलूप. यातच पाठ धरते. माझी गेली चार वर्षं दुखते, मावशींचे गुडघे त्याहून आधीपासून. गुडघ्यात वाकून उचलावं, पाठीतून नाही, हे आम्हाला माहीत आहे. पण बारा वाजून दहा मिनिटांनी पुढच्या बैठकीची माणसं दारात उभी राहिली की माहीत असलेलं विसरायला होतं.

आता हिशेब सांगते. सकाळी ४५ मिनिटं, दुपारी ३५ मिनिटं. रोजची ८० मिनिटं. वर्षात २०० दिवस शाळा भरली असं धरलं तर एका बाईचे जवळपास २६७ तास होतात. आमच्या मानधनात हे तास नाहीत. हॉलच्या नोंदवहीतही ९ ते १२ एवढंच लिहिलेलं असतं, म्हणजे सव्वाआठला दार उघडणं ही आमच्यावर केलेली मेहेरबानी ठरते. मेहेरबानी कधीही मागे घेता येते, आणि दोनदा घेतलीही गेली आहे. त्या दोन्ही वेळी मुलं आली तेव्हा जमीन न बघितलेली होती.

बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ पासून बोर्डी या गावी काम करताना बालवाडीत न येणाऱ्या मुलांसाठी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. साहित्य न्यायचं, मांडायचं, आवरायचं, परत आणायचं. तेव्हा दुसऱ्याच्या जागेत भरणारी शाळा ही काही कमी प्रतीची शाळा नाही. ती चालवणाऱ्यांचा वेळ मात्र धरायला हवा.

म्हणून आपल्या वृत्तपत्रातून माझी दोघांना विनंती आहे. बालवाडी चालवणाऱ्या संस्थांनी शिक्षिका आणि मदतनीस यांचे तास ठरवताना मांडण्या-आवरण्याचा वेळ कामाचाच वेळ म्हणून लिहावा आणि त्याचे पैसे द्यावेत. आणि सभागृहांच्या समित्यांनी बालवाडीला जागा देताना करारातच आधीचा पाऊण तास आणि नंतरचा अर्धा-पाऊण तास धरावा, एक भिंत कपाटांसाठी द्यावी, कपाटं उलटणार नाहीत अशी भिंतीला बांधायला परवानगी द्यावी, आणि जमिनीवरच्या आमच्या खुणा खरवडू नयेत. चिकटपट्टीला फार जागा लागत नाही. संध्याकाळी व्यायामाला येणाऱ्यांना त्या खुणा कसल्या, असा प्रश्न पडला तर त्यांनी जरूर विचारावं. आमच्याच एका माजी विद्यार्थ्याची आई त्या वर्गाला येते, ती सांगेल.

आपली,
एक बालवाडी शिक्षिका