लॉकमध्ये घाई नको, आणि न विचारता मदत तर अजिबात नको

संपादक महोदय,

स.न.वि.वि. तुमच्या रविवार पुरवणीत इंग्लंडमधल्या कॅनॉल बोटीच्या सुट्टीवर लेख आला होता. फोटो झकास होते, खर्चाचा हिशोबही कामाचा होता, पण लॉकबद्दल (म्हणजे दोन्ही टोकांना गेट असलेला कॅनॉलमधला हौद, त्यात पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली नेतात) जेमतेम एक ओळ, ती पण मुलांना मजा येते एवढीच. मी वॉरिकजवळ राहतो, आम्हा चार मित्रांत मिळून एक नॅरोबोट, म्हणजे कॅनॉलवरची लांबट अरुंद बोट, आहे, आणि मे महिना लागला की भारतातून आलेल्या दहा-दहा जणांच्या फॅमिल्या हॅटनच्या लॉकवर दिसायला लागतात म्हणून हे लिहितोय.

आपल्याकडे कालवा म्हटलं की पाटबंधारे खातं आणि आवर्तन कधी सुटणार हेच डोक्यात येतं. इथले कॅनॉल माल वाहायला खोदलेले, वाटेत टेकडी आली की लॉकने चढायचं नाहीतर उतरायचं. हॅटनला लागोपाठ 21 लॉक आहेत, चढ साधारण 45 मीटरचा. बोट भाड्याने घ्यायला लायसन्स लागत नाही, निघताना कंपनीचा माणूस तासभर समजावतो, आणि तोपर्यंत आपली मंडळी सामान आत ठेवत असतात आणि चहा कुठे होईल ते बघत असतात. मग पहिल्या लॉकला सगळेच उड्या मारून उतरतात आणि जो तो काहीतरी फिरवायला लागतो.

तर पहिली गोष्ट, लॉकमध्ये बॉस एकच, जो टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, धरून बोटीवर उभा आहे तो. त्याने हात वर करून खूण केली की मगच पॅडल उचलायचं. पॅडल म्हणजे गेटच्या किंवा भिंतीच्या खालच्या भागात पाण्याची वाट उघडणारी झडप, ती विंडलस नावाच्या हँडलने फिरवतात, गाडीचं चाक बदलायच्या पान्यासारखा तो दिसतो. पॅडल वर नेताना दात्यांवर खटका बसलेला पाहिजे, आणि हात काढायच्या आधी विंडलस काढून घ्यायचा. खटका निसटला आणि विंडलस तसाच अडकलेला असला तर तो गरगर फिरतो आणि मनगट मोडू शकतं. फोटो काढायला तो तसाच सोडून पळणारे मी बघितलेत.

खाली उतरताना खरा धोका सिलचा. वरच्या गेटच्या आतल्या बाजूला पाण्याखाली एक दगडी किंवा काँक्रीटचा कट्टा असतो, लॉक भरलेलं असताना तो दिसतच नाही, कडेला पांढरी रेघ मारलेली असते तेवढीच खूण. बोटीचा मागचा भाग त्या रेघेच्या पुढे राहिलाच पाहिजे. पाणी उतरत गेलं आणि मागचं टोक कट्ट्यावर टेकलं की पुढचं टोक खाली खाली जातं, आत पाणी शिरतं आणि बोट बुडते, बुडाल्यात अशा बोटी. कोणी ओरडलं की आधी खालची पॅडल्स बंद करायची, मग वरची सावकाश उघडून लॉक परत भरायचं. हा क्रम सगळ्यांना पाठ असू दे, अगदी आजी-आजोबांना पण.

आणि दोर. उतरताना दोर बोलार्डला, म्हणजे काठावरच्या खुंटाला, कधीही गाठ मारून बांधायचा नाही, नुसता एक वेढा द्यायचा आणि ढील देत राहायचं. गेल्या उन्हाळ्यात एका मराठी कुटुंबाने पक्की गाठ मारली होती, पाणी खाली गेलं तशी बोट एका अंगावर कलली, आतले कप-बशा घसरून फुटल्याचा आवाज आला, टिलरवरचे काका "सोड, सोड" म्हणून ओरडतायत आणि मुलगा बिचारा गाठ सोडायला बघतोय, पण वजनाने ती आणखीच आवळलेली. समोरच्या बोटीवरच्या बाईंनी धावत जाऊन पॅडल्स खाली करून बंद केली म्हणून निभावलं. गाठ मात्र नंतर लॉक परत भरल्यावरच सुटली.

चढताना उलटं. आधी जमिनीतली, म्हणजे भिंतीच्या वाटेने पाणी सोडणारी पॅडल्स, तीही अर्धी, आणि गेटमधलं पॅडल नंतर, नाहीतर पाण्याचा झोत थेट पुढच्या डेकवर येतो. रुंद लॉकमध्ये एकटी बोट असेल तर ज्या भिंतीला बोट लागली आहे त्याच बाजूचं पॅडल आधी उघडा. वाचायला विचित्र वाटेल, पण पाणी बोटीखालून जाऊन पलीकडच्या भिंतीवर आपटतं आणि तिथून परत फिरून बोटीला आपल्याच भिंतीशी धरून ठेवतं. दोन्ही बाजूंचं पाणी समान झाल्याशिवाय गेट उघडत नाही, चार जणांनी मिळून रेटलं तरी नाही, तेव्हा कंबर मोडून घेऊ नका, थांबा. आणि बोट भिंतीला लागत असेल तर हातापायाने अडवायला जाऊ नका, पंधरा-वीस टनाचं धूड असतं ते.

आता रीतभात, यावरून इथे खरी तोंडं वाकडी होतात. समोरून बोट येताना दिसतेय आणि लॉक तिच्या बाजूने तयार आहे, म्हणजे आतलं पाणी तिच्या पातळीला आहे, तर तिला आधी येऊ द्यायचं, आपल्यासाठी ते रिकामं करायचं किंवा भरायचं नाही. ग्रँड युनियन कॅनॉलवरच्या रुंद लॉकमध्ये दोन नॅरोबोटी शेजारी-शेजारी मावतात, मागून कोणी येत असेल तर दहा मिनिटं थांबा आणि बरोबर जा. एका रुंद लॉकला प्रत्येक वेळी साधारण अडीच लाख लिटर पाणी लागतं आणि ते वरून खालीच जातं, परत आपोआप चढत नाही. 2025 च्या उन्हाळ्यात पाणी नाही म्हणून लीड्स अँड लिव्हरपूलसकट बरेच कॅनॉल बोटींना बंद ठेवावे लागले होते. निघताना गेट बंद, पॅडल्स खाली, हे बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही. आणि दुसऱ्याच्या बोटीला मदत जरूर करा, पण आधी विचारून. आपल्या लोकांचा उत्साह मला माहितीये, समोरचा एकटा दिसला की लगेच पॅडल उचलायला धावतात, आणि त्याचा दोर अजून हातात यायचा असतो.

बांधलेल्या बोटींजवळून जाताना इंजिन अगदी हळू करा. एरवीसुद्धा ताशी 4 मैल हीच मर्यादा आहे, आणि बांधलेल्या बोटींपैकी कितीतरी लोकांची कायमची घरं असतात.

जिन्यासारखी जोडलेली लॉक असतील, बिंग्लीला 1774 ची पाच आहेत, फॉक्सटनला पाच-पाचचे दोन संच, तिथे लॉककीपर असतात, त्यांना विचारल्याशिवाय आत शिरू नका. फॉक्सटनला लाल पॅडल आधी आणि पांढरं नंतर, उलटं केलं की पाणी भलतीकडेच जातं.

आईबाबा बरोबर असतील आणि लॉकची कटकटच नको असेल तर वेल्समध्ये ट्रेव्हर ते लँगोलेन असा पट्टा घ्या, तिथे एकही लॉक नाही. ट्रेव्हरलाच पॉन्टकसाल्टेचा 1805 चा पूल आहे, 38 मीटर उंचीवरून बोट जाते आणि एका बाजूला कठडाच नाही, चक्कर येणाऱ्यांनी आत बसावं.

शेवटचं म्हणजे तारखा. साधारण नोव्हेंबर ते मार्च गेटं बदलायची आणि दुरुस्तीची कामं निघतात, ठरावीक लॉक आठवडे-आठवडे बंद असतात. इथले कॅनॉल सांभाळणाऱ्या कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्टच्या साइटवर नोटिसा असतात, दिवाळीनंतरचं बुकिंग करायच्या आधी त्या वाचा.

आपला,
एक वाचक, वॉरिक (इंग्लंड)