एकोणशंभर

जुन्नर,
१४ जुलै

प्रिय वैशू,

तुझा परवाचा व्हॉइस मेसेज मी दोनदा ऐकला. एकदा एसटीत, पण शेजारच्या मावशींच्या पाटीतल्या कोंबड्यांनी अर्धा ऐकूच दिला नाही. दुसऱ्यांदा रात्री, भांडी आवरल्यावर. अन्वयला पंचवीस लिही म्हटलं की तो ५२ लिहितो, एकोणपन्नास म्हटलं की ५१, आणि तुझ्या सासूबाईंनी ‘पोराचं गणित कच्चं आहे’ असं जाहीर करून टाकलंय. फोनच केला असता, पण पावसात इथली रेंज म्हणजे वाक्य सुरू होतं आणि क्रियापदापर्यंत पोचायच्या आत तुटतं. म्हणून पत्र. डी.एड.च्या हॉस्टेलनंतर तुला एवढं लांबलचक पहिल्यांदाच लिहितेय, अक्षर लावून घे.

पोरगं कच्चं नाहीये गं. त्याने जे ऐकलं ते लिहिलं. पंचवीस म्हणताना आपल्या तोंडून आधी काय बाहेर पडतं? पाच. मग वीस. त्याने आधी पाच लिहिला, मग दोन. एकोणपन्नासमध्ये त्याला ‘एक’ ऐकू आलं आणि ‘पन्नास’ ऐकू आलं. पन्नास आणि एक एक्कावन्न. हिशोब चोख आहे! त्या शब्दाच्या पोटात ‘ऊन’ दडलंय, एकाने उणे पन्नास, हे त्याला कोण सांगणार? आपल्याला तरी कुणी सांगितलं होतं? मला ते नोकरी लागल्यावर कितीतरी वर्षांनी कळलं आणि मग मलाच माझ्या छड्यांची लाज वाटली.

त्यात तुमच्या बंगळुरात त्याच्या कानांवर तीन भाषा. शाळेत ट्वेंटी फाइव्ह, खाली खेळताना इप्पत्तैदु, म्हणजे इप्पत्तु वीस आणि ऐदु पाच. दोन्हीकडे वीस आधी. फक्त आजीचा पंचवीस उलटा चालतो. मग तो गोंधळतो यात नवल काय?

आता माझी फजिती सांगते. पहिली सात वर्षं माझ्या वर्गातली पोरं एकक-दशकाचे रकाने बिनचूक भरायची. ५२ म्हणजे ५ दशक २ एकक. वहीभर लाल ‘बरोबर’. मी खूश, तपासायला येणारे साहेब खूश. एका दुपारी दुसरीतल्या एका मुलीला मी सोळा चिंचोके दिले. तिने मोजले, पाटीवर १६ लिहिलं. मी सहावर बोट ठेवलं, ‘एवढे दाखव.’ तिने सहा बाजूला काढले. मग एकावर बोट ठेवलं, ‘आणि हे किती?’ तिने एक चिंचोका उचलला. उरले नऊ. ‘मग हे कशाचे?’ तिने चिंचोक्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मलाच समजावल्यासारखी म्हणाली, ‘ते जास्तीचे आहेत, बाई.’

त्या रात्री झोप लागली नाही, खरंच. ती हुशार पोरगी होती. डावीकडच्या अंकाखाली ‘द’ लिहायचा, उजवीकडच्याखाली ‘ए’, ही तिच्या लेखी एक कला होती, रांगोळीत रंग भरावा तशी. त्या ‘द’मध्ये दहा वस्तू असतात याचा तिला पत्ताच नव्हता. आणि अकरा, बारा, तेरा या शब्दांत तरी दहा कुठे ऐकू येतो?

पुढचा मार्ग मला पुस्तकात नाही, बाजारात सापडला. नारायणगावला कोथिंबिरीचा भाव शेकड्यावर निघतो, तुला आठवत असेल. माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांनी बॅटरीच्या उजेडात घरच्यांबरोबर जुड्या बांधलेल्या आहेत. ‘दशक’ म्हटलं की चेहरे कोरे. ‘जुडी’ म्हटलं की सगळे एकदम बोलायला लागतात. मग मी खराट्याच्या काड्या तोडून आणल्या, रबरबँडचं पाकीट आणलं, आणि एकच नियम केला: हातात सुट्या दहा झाल्या की बांधायच्याच. दहा सुट्या कुणाकडे दिसल्या की तो आउट. महिनाभर आम्ही ‘एकक’, ‘दशक’ हे शब्द तोंडातून काढले नाहीत. पाच जुड्या दोन सुट्या. दोन जुड्या पाच सुट्या. पंचवीस आणि बावन्न समोरासमोर ठेवले की कोण कुणाला फसवणार?

खरी गंमत सोडवताना येते. तीन जुड्या, दोन सुट्या, आणि मी म्हणते, ‘मला पाच दे.’ पोरगं दोन देतं आणि अडतं. एक जण तर म्हणाला, ‘बाकीच्या उद्या देतो.’ मग कुणीतरी हळूच एका जुडीचं रबर काढतं. काढताना माझ्याकडे चोरून बघतं, चालेल का म्हणून. वैशू, पुढे वजाबाकीत जो ‘हातचा’ मुलांना रडवतो तो एवढाच आहे, एक रबर काढणं. म्हणून सांगते, ते रंगीत प्लास्टिकचे दशकाचे दांडे ऑनलाइन मागवू नकोस. ते कारखान्यातूनच चिकटून आलेले दहा. पोराने दहा कधी केलेच नाहीत आणि त्याला ते सोडताही येत नाहीत. नंतर केव्हातरी ठीक, आधी नाही.

मागच्या दिवाळीआधीची गोष्ट. व्हरांड्यात ठिपक्यांची रांगोळी काढायची होती, नऊ ते एक, सरळ ठिपके. मी सहज विचारलं, ठिपके किती लागतील? ओळी अशा: १, ३, ५, ७, ९, ७, ५, ३, १. सगळे एकेक ठिपका मोजायला लागले आणि दर वेळी वेगळं उत्तर. एक मुलगी मात्र मोजतच नव्हती, नुसती बघत बसली होती. मग म्हणाली, ‘नऊ आणि एक जुडी. सात आणि तीन जुडी. परत सात आणि तीन जुडी. पाच आणि पाच जुडी. एक सुटा राहिला.’ थांबली. ‘चार जुड्या एक. एक्केचाळीस!’ ही तीच जास्तीच्या चिंचोक्यांवाली असती तर गोष्टीला काय शोभा आली असती, पण नाही, ती आता नववीत आहे. ही दुसरीच.

आकृतिबंध म्हणून पुस्तकात जो धडा असतो, निळा मणी-लाल मणी, त्यात आमची पोरं दोन मिनिटांत कंटाळतात. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मात्र रमतात. कुठल्याही तारखेच्या खाली सात जास्त, हा शोध दरवर्षी कुणीतरी नव्याने लावतं आणि मीही दरवर्षी नव्याने चकित होते. नाटक नाही करावं लागत.

२०१९ चा गोंधळ आठवतो ना? बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीसबरोबर ‘वीस एक’ आलं आणि महाराष्ट्रभर थट्टा सुरू झाली. विधानसभेत तर तेव्हाचे मुख्यमंत्री फडणवीस यांच्या आडनावातल्या ‘वीस’वरही कोटी झाली. स्टाफरूममध्ये मीही हसले होते, कबूल करते. गणित समितीच्या अध्यक्ष मंगलाताई नारळीकर तेव्हा शांतपणे सांगत होत्या की जुने शब्द काढलेले नाहीत, दोन्ही दिलेत, आणि जोडाक्षरांनी भरलेले हे उलटे शब्द लहान मुलांना जड जातात. कुणाला ऐकायचं होतं? मंगलाताई २०२३ मध्ये गेल्या. मी आता वर्गात तेच करते. आधी ‘साठ तीन’, हाताला आणि डोळ्याला सवय होईपर्यंत. मग त्याचं नाव त्रेसष्ट. मला त्रेसष्ट हा शब्द आवडतो गं, तो मला घालवायचा नाही. माझे आजोबा पावकी-निमकी काय, औटकीसुद्धा घडाघडा म्हणायचे. साडेतीनचा पाढा! पण ‘आम्ही नाही का शिकलो?’ असं कुणी म्हणालं की मला राग येतो. जे शिकले ते हे सांगायला आले. जे नाही शिकले ते मागच्या बाकावर बसले आणि चौथीनंतर गुरं घेऊन डोंगरात गेले.

आणि एक. अन्वय थोड्याच दिवसांत एकशे पाचला १००५ लिहील. घाबरू नकोस. गेल्या पावसाळ्यात आम्ही मोठ्या मुलांना नाणेघाटात नेलं होतं. धुकं इतकं की पुढच्याची चप्पल दिसेना. तिथल्या लेण्यात राणी नागनिकेचा लेख आहे, सातवाहनांचा, दोन हजार वर्षांहून जुना. यज्ञांत दिलेल्या दक्षिणेची यादी: गाई १७००, हत्ती १०. अक्षरं झिजलीत, पोरांना हत्तींमध्येच रस. पण मला तिथे उभ्या उभ्या वर्गातले १००५ आठवले. कारण त्या लेखात शून्य नाही. दहाची खूण वेगळी, शंभराची वेगळी, हजाराची वेगळी. त्या रीतीने एकशे पाच लिहायचे तर शंभराची खूण काढायची आणि पुढे पाचाची. माझं पोरगं शंभर लिहून पुढे पाच लिहितं तेव्हा ते नागनिकेच्या लेखनिकाच्याच पद्धतीने लिहीत असतं! ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर चतुर्भुज मंदिरात इसवी सन ८७६ चा लेख आहे, त्यात २७० आणि ५० शून्यासकट कोरलेत, आजच्यासारखे. म्हणजे मधल्या हजारेक वर्षांत केव्हातरी कुणाला तरी हे सुचलं, की पाच तोच, पण बसतो कुठे त्यावर त्याची किंमत. माणसांना एवढा वेळ लागला. मी पोरांना जूनपासून दिवाळीपर्यंत देते आणि तेवढ्यातही साहेब विचारतात, ‘बाई, अजून शंभरावरच?’

त्यावर घरी करता येईल असा उपाय: जुन्या लग्नपत्रिका काप. एका कार्डावर १००, तीन अंकांएवढं रुंद. एकावर ५, एका अंकाएवढं. पाचाचं कार्ड शंभराच्या शेवटच्या शून्यावर ठेवायचं. १०५. उचललं की खालचा शून्य तसाच. आमच्याकडे म्हणतात, ‘पाच शून्याच्या मांडीवर बसला.’ एकशे पंचवीसला वीसाचं कार्डही लागतं, ते त्याचं तो शोधेल. तू सांगू नकोस, तुझी जुनी खोड आहे उत्तर सांगायची. आणि एक ते शंभर म्हणून घेणं आठवडाभर बंद कर. त्यापेक्षा सत्तावीसपासून पुढे म्हणायला लाव, किंवा बत्तीसपासून मागे. सुटे पैसे दे, दहाच्या नोटा आणि रुपयाची नाणी, आणि खालच्या दुकानात पाठव. दुकानदार कन्नडमध्ये मोजेल ते बरंच.

सगळ्यात आवडता प्रसंग शेवटी ठेवलाय. मागच्या आठवड्यात एक जण फळ्यापाशी उभा राहून मोठ्याने मोजत होता. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी, सगळं नीट. एकोणनव्वदही गेलं. अठ्ठ्याण्णव म्हणाला, श्वास घेतला आणि ठणकावून म्हणाला, ‘एकोणशंभर!’ वर्ग फुटला हसून. मी त्याला फळ्यावर तो शब्द लिहायला लावला, कारण नियमाने तोच यायला हवा होता. इतका वेळ एकोण-एकोण करत आलेली भाषा ऐनवेळी पलटली आणि नव्व्याण्णव झाली, यात त्याचा काय दोष? आता वर्गात दोन्ही चालतात. परवा हजेरी घेताना कुणीतरी शेजारच्याला सांगत होतं, ‘माझ्याकडे एकोणशंभर गोट्या आहेत.’

शरदभाऊजी रविवारी बंगळुरूला निघालेत, त्यांच्याबरोबर लिंबाचं लोणचं आणि एक पिशवी चिंचोके पाठवतेय. लोणचं सासूबाईंना. चिंचोके किती आहेत ते मी मोजलेले नाहीत आणि तूही मोजू नकोस. रबरबँड पिशवीतच टाकलेत.

तुझीच,
सुनी