शांतिसेनेतली कपात दुभाष्यांपासून नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२९ मे हा संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांचा दिवस. त्या निमित्तानं छापून येणारा मजकूर मी दर वर्षी वाचतो. भारतानं ५० हून अधिक मोहिमांत २,९०,००० हून जास्त जवान पाठवले, सुमारे १८० जणांनी प्राण दिले, ही माहिती त्यात असते आणि ती असायलाच हवी. पण हे जवान परमुलखात लोकांशी बोलतात कसे, तिथली रीतभात त्यांना सांगतं कोण, याबद्दल एक ओळही नसते. मोहीम टिकणार की फसणार हे पुष्कळदा तिथंच ठरतं, म्हणून हे पत्र.

काँगोच्या उत्तर किवू प्रांतात किवांजा नावाचं गाव आहे. नोव्हेंबर २००८ मध्ये बंडखोरांनी तिथं सुमारे १५० माणसं मारली. शांतिसेनेचा तळ दीड-दोन किलोमीटरच्या आत होता आणि त्यावर आपलेच जवान होते. संख्या अपुरी होती, साधनं तोकडी होती, हे सगळं मान्य. पण लोकांची भाषा जाणणारा दुभाषीसुद्धा त्या वेळी त्यांच्यापाशी नव्हता. बाहेर दोन सशस्त्र टोळ्यांची लढाई चालली आहे, असा तळावरचा समज. प्रत्यक्षात बंडखोर घरोघर फिरून पुरुष आणि तरण्या पोरांना बाहेर ओढत होते. त्या जवानांना दोष देण्याचा मला अधिकार नाही. पण ज्यांनी त्यांना दुभाष्याविना तिथं ठेवलं, त्यांना जाब विचारायला हवा होता असं मला आजही वाटतं.

पुढं २०१० पासून काँगोच्या मोहिमेनं स्थानिक तरुण-तरुणींना ‘संपर्क सहायक’ म्हणून तळांवर नेमायला सुरुवात केली. ते त्याच देशाचे. कुठल्या गावात कुणाचं कुणाशी बिनसलंय, कुठल्या वाटेनं बायका बाजाराला जायच्या थांबल्यात, हे त्यांच्या कानावर आधी येतं. आमच्या शेजारचे एक निवृत्त सुभेदार काँगोत राहून आले आहेत. ते सांगतात, गस्तीची गाडी थेट गावात घुसवली तर लोक दारं लावून घेतात. गाडी वेशीवर थांबवायची, खाली उतरायचं, डोळ्यांवरचा काळा चष्मा काढायचा, आधी गावच्या मुखियाकडं जायचं, त्यानं दिलेल्या बाकावर बसायचं, घरच्यांची खुशाली विचारायची. कामाचं बोलणं त्यानंतर. यातलं निम्मं त्यांना सहायक म्हणून आलेल्या पोरानं शिकवलं. आपल्याकडं तरी परक्या गावात शिरून कुणी पाटलाला टाळून पुढं जात असे का?

ही जाण नसली की काय होतं ते सोमालियात दिसलं. १२ जुलै १९९३ रोजी मोगादिशूत एका घरावर संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेच्या मदतीला असलेल्या अमेरिकी हेलिकॉप्टरांनी क्षेपणास्त्रं डागली. आत हब्र गिदिर कुळातली वडीलधारी मंडळी बैठकीला जमली होती. सोमाली समाजात तंटे मिटवतात ते हेच लोक, आणि परदेशी फौजांशी बोलणी करावीत असं म्हणणारेही त्यांच्यात होते. डझनावारी माणसं गेली. त्या दिवसानंतर जे काठावर होते तेही संयुक्त राष्ट्रांच्या विरोधात गेले.

याउलट उदाहरण आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातलंच आहे आणि ते फार थोड्यांना ठाऊक आहे याची मला खंत वाटते. वडगावचे शंकरराव थोरात, पुढं लेफ्टनंट जनरल झाले ते, १९५३ मध्ये कोरियात भारतीय रक्षक दलाचे प्रमुख होते. ती मोहीम संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या टोपीखालची नव्हती, जनरल थिमय्या अध्यक्ष असलेल्या तटस्थ राष्ट्रांच्या आयोगासाठी होती. मायदेशी परतायला नकार देणारे २२,००० हून अधिक चिनी आणि कोरियन युद्धकैदी सांभाळायचे, हे काम. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष ऱ्ही भारतीयांना आपल्या भूमीवर पाय ठेवू द्यायला तयार नव्हते, म्हणून सहा हजारांच्या आसपास माणसं हेलिकॉप्टरनं थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवावी लागली. भारतीय कम्युनिस्टांच्या बाजूचे आहेत, हे चिनी कैद्यांच्या मनात पक्कं भरलेलं. सप्टेंबरात त्यांनी एका भारतीय मेजरला पकडून छावणीतल्या आपल्या आवारात डांबलं. थोरात मोजक्या अधिकाऱ्यांसह आत गेले. भोवती आरडाओरडा करणारा जमाव. थोरातांनी त्यांनाच सुनावलं की चिनी माणसं अगत्याची असं ऐकून होतो, पण आलेल्या पाहुण्याला इथं कुणी चहासुद्धा विचारत नाही! चहा आला, सिगारेट आली, आवाज खाली आले, आणि बोलणी होऊन मेजर सुटले. पुढच्याच महिन्यात गोळीबाराचा प्रसंगही आला, तेव्हा नुसत्या अगत्यानं सगळं निभावतं असं मी म्हणणार नाही. पण समोरच्याच्या घरची रीत ठाऊक असल्यानं त्या दिवशी रक्त सांडलं नाही, हे खरंच आहे.

आता हे सगळं लिहिण्याचं कारण. पैशाच्या टंचाईमुळं संयुक्त राष्ट्रांनी २०२५ च्या ऑक्टोबरात शांतिसैनिकांची संख्या सुमारे एक चतुर्थांशानं घटवण्याचं ठरवलं. नागरी कर्मचाऱ्यांवरही कुऱ्हाड आहे. कपात आली की आधी दुभाषी, संपर्क सहायक, स्त्री-पथकं यांच्याकडं बोट जातं, कारण कागदावर ती ‘पूरक’ दिसतात. राहतील ते जवान आणि चिलखती गाड्या, आणि भाषा न कळणारे तळ. भारत वर्षानुवर्षं सर्वाधिक सैनिक देणाऱ्या देशांपैकी आहे. जिथं भारतीय तुकडी असेल तिथं प्रत्येक तळावर स्थानिक सहायक हवाच, ही अट आपल्या सरकारनं न्यूयॉर्कमध्ये ठामपणे मांडावी.

आणि एक आपल्या हातातलं. दिल्लीत २००० पासून शांतिसेनेच्या प्रशिक्षणाचं केंद्र आहे, पण वर्गात बसून मुलूख कळत नाही. सातारा, सांगली, कोल्हापूरच्या गावांत काँगो, सुदान, लेबनॉन पाहून आलेले निवृत्त जवान आहेत. कुणाला कामापुरती स्वाहिली येते, कुणाला अरबी. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांनी त्यांची यादी करावी आणि नवी तुकडी निघण्याआधी त्यांना दोन दिवस बोलावून घ्यावं. प्रवासखर्च सोडला तर याला फारसे पैसे लागत नाहीत.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर