वारा फुकट आहे, मग सरकारने पैसे का मोजायचे?

ग्रिम्स्बी, इंग्लंड

ती. अण्णांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "वारा फुकट, समुद्र फुकट, मग तिथलं सरकार समुद्रात पवनचक्क्या उभारणाऱ्या कंपन्यांना भावाची हमी कसली देतं?" आणि पाठोपाठ दाभोळच्या वीजकेंद्रावरून गाजलेल्या एन्रॉन कंपनीचं नाव काढलंत. तेवढ्यात आईने फोन घेतला आणि विषय राहून गेला. तुमचा प्रश्न माझ्या रोजच्या कामाला धरून आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी समुद्राचं. तो इथे फुकट नाही. इंग्लंड-वेल्सच्या किनाऱ्यालगतचा बहुतेक समुद्रतळ 'क्राउन इस्टेट'कडे आहे. नाव राजाचं असलं तरी नफा सरकारी तिजोरीत जातो. १२ सागरी मैलांच्या पलीकडेही पवनऊर्जेसाठी जागा भाड्याने द्यायचा हक्क तिच्याकडेच आहे. २०२१ साली जवळजवळ ८,००० मेगावॅटच्या जागांचा लिलाव झाला, तेव्हा कंपन्यांनी नुसती जागा राखून ठेवण्यासाठी मिळून वर्षाला सुमारे ८८ कोटी पौंड द्यायचं कबूल केलं. तोवर तिथे एक खांबही उभा नव्हता. मला हे पटत नाही. जागेसाठी एवढे पैसे घेतले की ते पुढे युनिटच्या दरातूनच वसूल होणार, आणि तो दर भरणार सामान्य ग्राहक.

जागा मिळाली तरी परवाना वेगळाच. १०० मेगावॅटच्या वरचा समुद्रातला प्रकल्प इथे राष्ट्रीय महत्त्वाचा धरतात आणि २००८च्या नियोजन कायद्याखाली त्याची जाहीर तपासणी होते. तपासणीला सहा महिने, अहवालाला तीन, मंत्र्यांच्या निर्णयाला तीन, अशा मुदती कायद्यातच घातल्या आहेत. कधी कधी त्या वाढतात, पण मुदत ठरलेली असते हेच मोठं. गावकरी, मच्छीमार, पक्षी वाचवणाऱ्या संस्था, कोणीही नाव नोंदवून आपलं म्हणणं मांडू शकतं आणि ते ऐकून घ्यावं लागतं. २०२१ मध्ये नॉर्फोक व्हॅनगार्ड या मोठ्या प्रकल्पाचा परवाना उच्च न्यायालयाने रद्द केला होता. शेजारच्या दुसऱ्या प्रकल्पासह जमिनीवर जी उपकेंद्रं होणार होती, त्यांच्या एकत्रित परिणामाचा विचारच झालेला नव्हता. तो विचार करून पुढच्या वर्षी पुन्हा परवाना दिला.

माझं काम या परवान्यातल्या अटींच्या नोंदी ठेवण्याचं. टेबलावर समुद्राचा नकाशा असतो. त्यावर बुडालेली जहाजं आणि महायुद्धात पडलेले, न फुटलेले बॉम्ब खुणा करून दाखवलेले असतात. ते निकामी केल्याशिवाय किंवा त्यांना वळसा घातल्याशिवाय केबल टाकता येत नाही. खांब ठोकताना पहिले ठोके हलके द्यायचे, मग हळूहळू जोर वाढवायचा, म्हणजे आसपासचे पॉरपॉइज, आपल्याकडच्या डॉल्फिनसारखेच पण आणखी छोटे, आवाजापासून लांब जाऊ शकतात. पहिला ठोका किती वाजता, पूर्ण जोर किती वाजता, सगळं लिहून ठेवायचं. हॉर्नसी ३ या प्रकल्पाला तर किटिवेक जातीच्या कुरवांसाठी सफोकच्या किनाऱ्याजवळ समुद्रात घरट्यांचे मनोरे बांधून द्यावे लागले. शिवाय आयुष्य संपल्यावर सगळं काढून नेण्याची योजना आधीच मंजूर करून घ्यावी लागते आणि त्या खर्चासाठी सरकार तारणही मागू शकतं. आपल्याकडे बंद पडलेले कारखाने वर्षानुवर्षं गंजत उभे असतात, ते आठवून मला या अटीचं फार महत्त्व वाटतं.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येते. कोळशाच्या केंद्रात पैसा वर्षानुवर्षं कोळशावर जात राहतो. समुद्रातल्या पवनचक्कीत जवळजवळ सगळा खर्च आधीच होऊन बसतो, आणि तोही कर्जाने. म्हणून युनिटचा दर वाऱ्यापेक्षा व्याजावर जास्त ठरतो. पुढची १५ वर्षं वीज कोणत्या भावाने विकली जाईल याची खात्री नसेल, तर बँक चढं व्याज लावते. सरकार भावाची खात्री देतं ती हे व्याज खाली आणण्यासाठी.

२०१३च्या ऊर्जा कायद्याने इथे फरकाचा करार आला. कंपन्या लिलावात दर बोलतात. समजा १० पेन्स युनिट ठरला. बाजारात ६ पेन्स मिळाले, तर वरचे ४ एका सरकारी कंपनीकडून मिळतात. बाजारभाव १३ वर गेला, तर वरचे ३ कंपनीने परत करायचे. ही देवघेव शेवटी सगळ्या ग्राहकांच्या बिलात उतरते. वीज तयार झाली तरच पैसे मिळतात. दर दरवर्षी महागाईप्रमाणे वाढतो, पण तो पौंडातच राहतो.

एन्रॉनचा करार आठवून बघा. १९९२ सालचा सामंजस्य करार निविदेशिवाय झालेला. दर डॉलरला आणि इंधनाच्या भावाला बांधलेला. वीज उचला न उचला, स्थिर आकार राज्य वीज मंडळाने भरायचाच. भाव खाली आले तर मंडळाला काही परत मिळायची सोय नव्हती. २००१ मध्ये मंडळाने वीज घेणं थांबवलं आणि दाभोळचं केंद्र बंद पडलं. तुम्ही तेव्हा मंडळाच्या नोकरीत होतात, घरी येऊन तोंडातून शब्द काढत नव्हता, हे मला चांगलं आठवतं. हमी या शब्दावरचा तुमचा राग मला समजतो. पण दोष हमी देण्यात नव्हता, ती कोणत्या अटींवर दिली त्यात होता. खुला लिलाव, आपल्याच चलनातला दर, तयार झालेल्या युनिटपुरते पैसे आणि वर गेलेला भाव परत करण्याचं बंधन, या चार गोष्टी त्या करारात असत्या, तर वेगळं चित्र दिसलं असतं.

इथलंही सगळं आलबेल आहे असं समजू नका. २०१५च्या पहिल्या लिलावात दर ११ ते १२ पेन्सच्या घरात होता. २०२२मध्ये तो पावणेचार पेन्सपर्यंत उतरला. (हे आणि पुढचे दर २०१२च्या किमतींत, म्हणजे त्यानंतरची महागाई वगळून मोजलेले आहेत.) सरकारला वाटलं, आता हा असाच उतरत राहणार. दरम्यान युक्रेनचं युद्ध, पोलाद महाग, व्याज दुप्पट-तिप्पट. एका कंपनीने खर्च ४० टक्क्यांनी वाढला म्हणून नॉर्फोक बोरियास या समुद्री प्रकल्पाचं काम जुलै २०२३मध्ये थांबवलं. तरी सरकारने सप्टेंबरच्या लिलावाची कमाल मर्यादा ४.४ पेन्सच ठेवली, आणि समुद्री पवनऊर्जेची एकही बोली आली नाही. एक अख्खं वर्ष वाया गेलं. पुढच्या वर्षी मर्यादा ७.३ पेन्सवर नेली, तेव्हा साडेपाच ते सहा पेन्सच्या आसपास करार झाले. म्हणजे मर्यादा वाढवूनही दर तिथपर्यंत गेला नाही, कारण स्पर्धा होती. माझ्या मते या सगळ्यात शिकण्यासारखं सर्वांत जास्त इथेच आहे.

पळवाटाही निघतात. २०२२ साली गॅसमुळे वीज भडकली तेव्हा काही नव्या प्रकल्पांनी करार सुरू करण्याची तारीख पुढे ढकलली आणि बाजारभावाने वीज विकली. कराराच्या कलमांत ते बसत होतं, पण ग्राहकाला मिळायचे पैसे मिळाले नाहीत. आणि पारेषणाचं दुखणं तर तुमच्या ओळखीचं. स्कॉटलंडमधून दक्षिणेकडे येणाऱ्या वाहिन्या अपुऱ्या आहेत, त्यामुळे भरपूर वारा असलेल्या दिवशी पंखे बंद ठेवण्यासाठी पैसे मोजावे लागतात.

जगातला पहिला समुद्री प्रकल्प डेन्मार्कने १९९१ मध्ये विंडेबीला उभारला, ११ पंखे, मिळून ५ मेगावॅट. त्याच डेन्मार्कने २०२४ मध्ये ३,००० मेगावॅटची निविदा काढली. मदत काही नाही, उलट २० टक्के भागीदारी सरकारची. कोणीच आलं नाही. पुढच्या वर्षी त्यांनाही आर्थिक मदतीवर यावं लागलं.

आपल्या देशात २०१५ साली धोरण झालं, जून २०२४ मध्ये केंद्राने ७,४५३ कोटींची योजना मंजूर केली. गुजरात आणि तमिळनाडूच्या समुद्रात ५००-५०० मेगावॅटसाठी अनुदान आणि बंदरांसाठी ६०० कोटी. अजून आपल्या समुद्रात एकही प्रकल्प उभा नाही. बंदराचे पैसे मला खूप मोलाचे वाटतात. ग्रिम्स्बी एकेकाळी मासेमारीचं नावाजलेलं बंदर. आइसलँडने १९७०च्या दशकात आपली हद्द २०० मैलांवर नेली आणि इथला खोल समुद्रातला धंदा बसला. आज त्याच गोद्यांतून पवनचक्क्यांच्या दुरुस्तीच्या बोटी सुटतात. मासेमारीतली सगळी माणसं या कामात आली असं मुळीच नाही, पण बंदर जिवंत आहे.

कोकणाचं नाव सध्या या यादीत नाही. उद्या आलंच, तर दाभोळजवळच्या वेलदूरच्या मच्छीमारांना निविदा निघण्याआधी बोलावलं पाहिजे, खांब कुठे आणि होड्यांची वाट कुठे हे त्यांच्याबरोबर बसून ठरलं पाहिजे. इथे मच्छीमारांशी बोलण्यासाठी प्रत्येक प्रकल्पावर वेगळा माणूस नेमतात. तुमच्या मंडळातल्या जुन्या मित्रांपैकी कोणी दर ठरवण्याच्या कामात असतील, तर हे पत्र त्यांना वाचायला द्या. त्यांचे आक्षेप मला हवे आहेत, विशेषतः अनुदान आधी द्यावं की युनिटमागे द्यावं याबद्दल. माझं मत युनिटमागे, पण पहिल्या हजार मेगावॅटला बंदरं आणि जहाजंच नसताना नुसत्या दराच्या हमीने भागेल असं मला वाटत नाही.

आईला सांगा, थंडी आता कमी झाली आहे आणि मेतकूट संपत आलंय. तुमच्या गुडघ्याचं पुढे काय झालं ते कळवा, डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम चुकवू नका. घरात सगळ्यांना नमस्कार आणि लहानांना आशीर्वाद.

तुमची,
ताई