सुमे, पाच गुणांचा प्रश्न आहे

अदिस अबाबा
२० डिसेंबर २०२४

प्रिय सुमे,

पोचल्याचा मेसेज टाकला, त्यानंतर माझ्याकडून एक ओळ नाही. रागावली असशीलच. रागाव, पण आधी हे वाच. तुझ्याशिवाय हे कुणाला सांगून कळायचं नाही. घरी फोनवर सांगितलं तर म्हणाले, ‘अगं, देऊन टाक पाच गुण आणि मोकळी हो.’

तब्येत बरी आहे. हे शहर महाबळेश्वरापेक्षा सुमारे हजार मीटर उंच, त्यामुळे सुरुवातीला जिना चढताना धाप लागायची. आता नाही लागत. बीपीची गोळी चालू आहे.

तर ऐक. विद्यापीठात पहिल्या वर्षाला मी भौतिकशास्त्र शिकवते, साठेक मुलं आहेत. इथिओपियाच्या कुठकुठल्या कोपऱ्यांतून आलेली. १९९४च्या धोरणापासून इथे प्राथमिक शिक्षण मातृभाषेत होतं आणि उशिरात उशिरा नववीपासून सगळे विषय एकदम इंग्रजीत. बारावीची राष्ट्रीय परीक्षाही इंग्रजीत. २०२२ साली त्या परीक्षेत पन्नास टक्क्यांच्या वर जेमतेम ३.३ टक्के मुलं गेली. वाचून माझ्या पोटात गोळा आला होता. मग सरकारने नापासांतल्या बऱ्या मुलांसाठी रेमेडियल वर्ग काढले. माझ्या वर्गातली कितीतरी मुलं त्याच वाटेने आलीत. वर्गात इतकी शांत बसतात की खडूचा आवाज ऐकू येतो. ‘समजलं?’ म्हटलं की साठही माना हलतात. आपण दोघी शिकवायचो त्या धडगावच्या शाळेतली शांतता आठवते ना तुला, पहिल्या महिन्यातली? तीच.

सहामाहीला मी एक प्रश्न घातला: अदिसमध्ये उघड्या भांड्यात कडधान्य शिजायला दिरे दावापेक्षा जास्त वेळ का लागतो? (दिरे दावा अदिसपेक्षा बरंच सखल शहर.) प्रश्न माझ्या स्वयंपाकघरातून आला. आल्या आल्या पातेल्यात तूरडाळ लावली होती. ती उकळत राहिली, उकळत राहिली आणि दाताखाली कचकचली. इथे पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळतं, मग डाळ शिजणार कधी? शेवटी सामानाच्या तळातून आईचा कुकर काढला. पहिल्या शिट्टीला घरमालकीणबाई धावत वर आल्या, आता शिट्टी झाली की खालूनच हसतात. त्यांच्या वडिलांना गणित भारतीय मास्तरांनी शिकवलं म्हणे. सम्राट हेले सेलासींच्या राजवटीत आपल्याकडून खूप शिक्षक इकडे आले होते. म्हातारबाबा मला पाहिलं की काठी बाजूला ठेवून उभे राहतात. मला फार अवघडल्यासारखं होतं ग.

पेपर तपासायला घेतले. बहुतेकांनी माझ्या नोट्समधलं वाक्य जसंच्या तसं, स्वल्पविरामासकट उतरवलेलं. एका मुलाने मात्र दोन ओळी इंग्रजीत लिहिल्या, त्या खोडल्या आणि पुढचं पानभर ओरोमो भाषेत लिहिलं. त्यांची लिपी रोमन, त्यामुळे मी आधी इंग्रजी समजूनच वाचायला लागले. ‘बिशान’ एवढंच कळलं, म्हणजे पाणी. शेजारच्या टेबलावरचे सर जिम्माकडचे, ओरोमो बोलणारे, त्यांना वाचायला दिलं. ते एकेक वाक्य सांगत गेले आणि माझा चहा तसाच राहिला. मुलाने लिहिलंय, आमच्या गावाकडे घेवडा लवकर शिजतो, इथे मावशीकडे त्याला फार वेळ लागतो. मावशी जाळ वाढवते, पण त्याचा उपयोग नाही. वरून हवेचा दाब कमी, म्हणून पाणी कमी तापमानालाच उकळतं, आणि एकदा उकळलं की त्याहून गरम होत नाही. उकळी मोठी दिसते म्हणून पाणी जास्त तापलंय असं नाही. सुमे, हे शेवटचं वाक्य माझ्या नोट्समध्ये नाही. ते त्याचं स्वतःचं आहे.

नियम साफ आहे: उत्तर इंग्रजीत. नियमाने शून्य.

आता तुझा चेहरा मला इथून दिसतोय. ‘दित्या!’ म्हणून ओरडली असशील. आपला धडगावचा विद्यार्थी, बियांच्या प्रसारावरचं त्याचं पावरीतलं, म्हणजे त्याच्या घरच्या आदिवासी बोलीतलं उत्तर, तू दिलेले पैकीच्या पैकी गुण, तपासणीला आलेल्या साहेबांचा आरडाओरडा, आणि मग आपण दोघी एकाच खोलीत राहून आठवडाभर अबोला. माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं आणि आजही आहे, की बोर्डाचा पेपर पावरीत तपासायला कुणी बसलेलं नाही. दित्या दहावीला विज्ञानातच नापास झाला. तू म्हणतेस, आज शहाद्यात तो अख्खं इंजिन खोलून जोडतो. दोन्ही खरं आहे, म्हणून तर आपलं भांडण मिटत नाही. (तू पावरी शिकलीस हे मला कायम कौतुकाचं वाटलं. ‘बसा’ म्हणायला गेलीस आणि अख्खा वर्ग उठून बाहेर पळाला, तरी तू सोडलं नाहीस.)

पण तिथे एक पावरी होती. इथे एका वर्गात ओरोमो, अम्हारिक, तिग्रिन्या, सोमाली, सिदामा. तिसऱ्या बाकावर उत्तरेकडच्या तिग्राय प्रांतातली एक मुलगी बसते. युद्धात तिच्या शाळेची वर्षं गेली, वर्गात वयाने सगळ्यांत मोठी आहे. तिने मोडक्या इंग्रजीत दोन ओळी लिहिल्यात, नियम पाळला म्हणून. तिला पाचपैकी दोन. तिच्या भाषेत लिहायची मुभा असती तर तिनेही पान भरलं असतं का? ओरोमो वाचायला सर शेजारी बसलेत, तिचं कोण वाचणार? त्याला पाच दिले तर तिच्यावर अन्याय, आणि शून्य दिलं तर मी इथे फळ्यासमोर कशासाठी उभी राहते? शिवाय त्याचे बाकीचे गुण काठावर आहेत. हे पाच गेले तर तो बहुतेक घरी जाईल.

माझ्या मनात असं आहे, की या एका प्रश्नाची सगळ्यांची तोंडी घ्यावी. फळ्यावर चित्र काढा, हातवारे करा, मोडकंतोडकं बोला, कळलंय हे मला दिसू द्या, त्यावर गुण. सर म्हणतात, एवढ्या मुलांना वेळ कुठला आणि विभाग मान्य करणार नाही. विभागाशी मी भांडेन. पण भित्रं मूल तोंडीला आणखी गप्प होतं, हे तूच मला शिकवलंस. तिथे अडकलेय.

बाकी शहर आवडायला लागलंय. इथला नाताळ ७ जानेवारीला, त्याआधीचे उपास चालू आहेत, तोपर्यंत मांस, दूध, अंडी बंद. त्यामुळे कुठल्याही खानावळीत डाळी आणि भाज्या इंजेरावर, म्हणजे इथल्या आंबवलेल्या मोठ्या धिरड्यावर, वाढून मिळतात. माझी चंगळ आहे, तुझे मात्र हाल झाले असते. इथलं चलन बिर, तो जुलैत घसरला तो घसरलाच, घरी पैसे पाठवताना जीव जातो.

भाऊजींच्या डोळ्याचं ऑपरेशन कसं झालं? अक्कलकुव्याची बदली रद्द झाली का? छकुलीचा साखरपुडा मेमध्ये ठेव, जूनमध्ये मला रजा नाही. जुनी हेडबाई भेटली तर माझा नमस्कार सांग, पण पगार किती ते सांगू नकोस.

गुण पुढच्या शुक्रवारी भरायचे आहेत. फोनवर आपण भांडत बसू, म्हणून लिहूनच कळव. पहिल्यांदा एवढंच सांग, त्या मुलीला तोंडीला एकटीला बोलावू की मैत्रिणीबरोबर?

तुझी,
वैजू