‘सर्वांस प्रवेश’ असे छापून परत पाठवता, त्याबद्दल

मा. शिक्षणमंत्री महोदय,
गुजरात राज्य, गांधीनगर

स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आमच्या बडोद्यातील एका विद्यापीठाच्या आवारात भरलेले विद्यार्थ्यांचे वार्षिक कलाप्रदर्शन पाहण्यासाठी मी थोरल्या बहिणीला घेऊन गेले होते, आणि आम्हां दोघींना फाटकावरूनच परत पाठवण्यात आले. वर्तमानपत्रातील निमंत्रणात ‘सर्वांस प्रवेश’ असे छापलेले होते. फाटकावर मात्र मोबाइलवरून नोंदणी करून घेतलेला पास मागितला गेला, आणि ती नोंदणी आदल्या रात्रीच बंद झालेली होती. संस्थेचे नाव मी येथे घेत नाही, कारण त्याचा राग फाटकावरच्या कंत्राटी रखवालदारावर निघेल आणि त्याने केवळ हुकूम पाळला होता. आपल्या कार्यालयाकडे पाठवलेल्या तक्रारीत ते नाव आहे.

गेल्या वर्षीही असेच घडले होते. तेव्हा तेथील अधिकाऱ्यांनी मला लेखी कळवले होते की पुढील वर्षापासून प्रदर्शन सर्व दिवस पासाविना खुले राहील आणि ज्येष्ठांना बसण्याची सोय केली जाईल. ते पत्र मी पर्समधून काढून दाखवले, तर ते कोणी हातातसुद्धा घेतले नाही. बहिणीच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली आहे. ती भर उन्हात बाहेरच्या कट्ट्यावर बसून होती आणि तेच फाटक पाहुण्यांच्या गाड्यांसाठी उघडत होते. महोदय, त्या प्रदर्शनात माझ्या नातीचे एक मुद्राचित्र, म्हणजे पत्र्यावर कोरून कागदावर छापलेले चित्र, लागले होते. जस्ताच्या पत्र्यावर तिने आमच्या माहेरच्या वाड्याचा लाकडी सज्जा उतरवला होता. रेषा हवी तेवढी खोल उतरेना म्हणून पत्रा पुनःपुन्हा आम्लात सोडायची आणि नखांत काळी शाई तशीच घेऊन जेवायला बसायची. ज्या सज्ज्यात बहिणीचे बालपण गेले, तो तिला कागदावर तरी पाहायचा होता. आता प्रदर्शन उतरवले गेले आहे.

मी आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली. मुलांना कोळसा आणि कागद देऊन अशा प्रदर्शनांत एकेका शिल्पासमोर बसवले, की वर्गात महिनाभर सांगून जे कळत नाही ते त्यांना तासाभरात कळत असे. शिकणाऱ्या कलावंतालाही अनोळखी माणसाचा प्रश्न हवा असतो. परीक्षकांना आणि वर्गमित्रांनाच दाखवायचे असेल तर चित्रे भिंतीवर लावण्याचे कष्ट तरी कशाला घ्यायचे?

हे बडोद्यात घडावे, याचे दुःख अधिक आहे. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन ही कला आणि तंत्र शिकवणारी संस्था उभी केली, दादासाहेब फाळके तेथे शिकले. कमाटी बागेतले संग्रहालय १८९४ पासून लोकांसाठी आहे. १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत झाले, आणि पुढे फिरत्या वाचनालयांच्या पेट्या पुस्तके भरून खेडोपाडी जाऊ लागल्या. इंदूरचे चित्रकार नारायण श्रीधर बेंद्रे १९५० मध्ये येथे शिकवायला आले, ते या शहराने कलेला घरचे मानले म्हणूनच. ज्या राज्यकर्त्याने पुस्तक गाडीत घालून शेतकऱ्याच्या दारी पाठवले, त्याच्या शहरात आज करदात्याला चित्र पाहण्यासाठी मोबाइलवर सांकेतिक क्रमांक येण्याची वाट पाहावी लागते. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या १६ लाखांहून अधिक होती. एवढ्या लोकांतल्या किती जणांच्या हाती असा फोन आहे, आणि किती म्हाताऱ्यांना तो चालवता येतो, याचा विचार कोणी केला आहे काय?

सुरक्षेचे कारण सांगितले जाते. सुरक्षेसाठी वहीत नाव, पत्ता लिहून घ्या, पिशवी तपासा. आमची हरकत नाही. परंतु माणूस बाहेर ठेवणे सोपे पडते म्हणून त्याला बाहेर ठेवणे, ही सुरक्षा नव्हे. आणि याची दाद मागायची कोठे? पूर्वी सिनेटवर, म्हणजे विद्यापीठाच्या अधिसभेवर, नोंदणीकृत पदवीधरांनी निवडून दिलेले सभासद असत. त्यांना घरी जाऊन जाब विचारता येई. आपल्या सरकारच्या २०२३ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने ती सिनेटच संपवली आणि कारभार नेमलेल्या मंडळांकडे दिला. कायद्याच्या नावात ‘सार्वजनिक’ आहे, कारभारात जनतेने निवडलेला एक माणूस उरलेला नाही. अर्ज दिला की पोच मिळते, पुढे काहीही होत नाही. आरोग्य, पाणी, निवृत्तिवेतन, जिथे जावे तिथे हाच अनुभव आहे, आणि सामान्य माणसाने गप्प बसावे अशीच सगळी व्यवस्था झाली आहे असे मला वाटू लागले आहे.

सरकारी अनुदानावर चालणाऱ्या प्रत्येक विद्यापीठाने आपली प्रदर्शने आणि जाहीर कार्यक्रम पासाविना, सुट्टीच्या दिवशीही आणि संध्याकाळी उशिरापर्यंत खुले ठेवावेत, उद्घाटनासाठी दालने रिकामी करू नयेत, ज्येष्ठांसाठी खुर्च्या आणि उतार असावेत, असा लेखी आदेश आपण काढावा. नातीच्या वर्गाची चित्रे अद्याप विभागातच ठेवलेली आहेत. ती पुन्हा आठवडाभर लावणे अशक्य नाही. ती लावली जाणार की नाही, याचे उत्तर आपण विद्यापीठाकडून मागवून मला लेखी कळवावे.

आपली,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका
दांडिया बाजार, बडोदे