आजोबांची नाणी घासू नकोस

खानापूर

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालास, रविवारी आजोबांची नाणी टूथपेस्टने घासून लख्ख करतो आणि मग व्यापाऱ्याला दाखवतो. फोनवर सगळं सांगणं झालं नाही, म्हणून लिहिते. पत्र वाचून होईपर्यंत डब्याला हात लावू नकोस.

ही सवय आपल्या घरातलीच आहे. लक्ष्मीपूजनाला रुपये मांडायचे म्हणजे चकचकीत हवेत, मग चिंच, राख, पितांबरी, हाताशी येईल ते. देव्हाऱ्यातले टाक बघ, घासून घासून खंडोबाचा घोडासुद्धा ओळखू येत नाही. पण टाक झिजले की सोनाराकडून नवे करून घेता येतात. झिजलेलं नाणं कुणी नवं करून देत नाही.

चांदीवरचा काळसर-निळसर रंग मळ नव्हे. हवेतल्या गंधकाने चांदीवर तो थर हळूहळू धरतो आणि नाण्याला हात लागलेला नाही याची ती खूण असते. त्याच्याखाली टांकसाळीची मूळ झळाळी असते. ठशाखाली धातू दाबला जाताना पसरतो, त्याच्या अतिशय बारीक रेषा उमटतात. म्हणून नाणं तिरकं फिरवलं की उजेड त्यावरून गोल सरकतो. जाणकार आधी तेच बघतो. टूथपेस्टमधली बारीक खर त्या रेषा खाते आणि आपले ओरखडे मागे ठेवते. भिंगाखाली ते लगेच दिसतात, आणि किंमत तिथेच उतरते. बुडवून काढायचं औषध मिळतं, त्यातही आम्ल असतं. काळेपणासोबत चांदीचा पापुद्राही जातो, नाणं मेल्यासारखं पांढरं दिसतं.

डब्यात पंचम जॉर्जचा 1911 चा रुपया आहे. राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुक्कर वाटला, ओरड झाली आणि सरकारने ते रुपये मागे घेऊन बरेचसे वितळवले. 1912 च्या रुपयावर हत्ती सुधारला. त्या रुपयाची सगळी गंमत त्या एवढ्याशा सोंडेत आहे आणि तू नेमकं तिथेच ब्रश फिरवणार होतास.

माझा जीव खरा अडकलाय तो शिवराई नाण्यांत. तांब्याच्या त्या जाड्याभरड्या नाण्यांवर एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. ठसा मोठा, तांबं लहान, म्हणून कुठे ‘श्री’ अर्धी, कुठे ‘पति’ कापलेलं. अक्षराचं वळण, वेलांटी, कडेचे ठिपके यांवरूनच ती कुठली हे ठरवतात. वर्षानुवर्षं धरलेला तपकिरी-काळा थर खालच्या तांब्याला सांभाळतो. चिंचेच्या कोळात टाकलंस तर थर विरघळेल, तांबं गुलाबी होईल, बारीक खड्डे पडतील आणि पुढे डाग धरतील. एखाद्यावर भुरभुरीत हिरवी पूड दिसली तर मात्र ते लगेच वेगळं ठेव. तो क्षारांचा रोग आहे, ओलाव्यात वाढतो. ते जाणकारालाच दाखव.

आझमनगर गोकाकचा मराठा रुपयाही आहे, टांकसाळीचं नाव फारसीत, तेही पुरतं न उमटलेलं. आपल्याच बेळगाव जिल्ह्यातली टांकसाळ, त्याला तर बोटही लावू नकोस.

माती किंवा चिकटपणा असेलच तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजत ठेव, मग मऊ कापडावर नुसतं टिपून घे, पुसू नकोस. डिंकाचा राप शुद्ध अ‍ॅसिटोनने निघतो, धातूला धक्का लागत नाही. खिडकी उघडी ठेव आणि गॅसजवळ बसू नकोस, ते भडकन पेटतं. नाणं कडेने धर, घामातल्या मिठाचे ठसे धातूवर कायमचे उमटतात. ती मऊ प्लास्टिकची पाकिटं आजच बदल. त्यांच्या पीव्हीसी प्लास्टिकमधून हिरवट चिकट द्रव सुटतो. मायलारची, म्हणजे पॉलिएस्टरची, पाकिटं घे, सोबत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेव. आपल्या पावसाळ्यात इथे मी त्या बदलत असते, तुला तिथे दर वर्षी बदलल्या तरी पुरे.

व्यापाऱ्याला नाणी आहेत तशी दाखव. तो ‘आधी साफ करून आणा’ म्हणाला तर उठून ये, दुसरा बघ. शंभर वर्षांवरची नाणी देशाबाहेर न्यायला कायद्याने बंदी आहे, तेव्हा परदेशातल्या कुणाला पाठवायचा विचारही नको. दिवाळीत पूजेला आपला नेहमीचा रुपया आहे, तो मी घासेन. डबा तसाच घेऊन ये, बाबांना वजनं करायची आहेत; पंचम जॉर्जचा रुपया 11.66 ग्रॅमचा भरायला हवा.

तुझी,
आई